समोरच्या घरचा चहा

काकांना एखाद्या नव्या इमारतीचे बाहेरचे दिवे लावायला बोलावलं, की ते आधी त्या इमारतीत शिरतच नसत. ते समोरच्या घरी जात. ओळख ना पाळख; फाटकाची कडी वाजवायची, "आहे काय जी कोणी घरी?" म्हणून हाक द्यायची आणि अंगणात खुर्ची, बाज, पायरी जे काही असेल त्यावर बसून घ्यायचं. "समोर लाईट लागून राहिले. तुमच्या घरात किती येतीन ते पाहाले आलो," एवढंच सांगायचं. लोकांना आधी वाटे, मीटर तपासायला आला. मग वाटे, वर्गणी मागायला आला. आणि शेवटी, नागपूरच ते, आतून चहा येई. चहा पिता पिता काका त्या घराची खिडकी कुठे उघडते, म्हातारं माणूस कुठे झोपतं, उन्हाळ्यात गच्चीवर बाजा टाकतात का, सगळं विचारून घेत. काम संपलं की पुन्हा तिथेच. दिवेलागणीला समोरचे दिवे लावायला सांगायचे आणि त्याच खुर्चीवर बसून पाहायचं. बसल्या जागेवरून बल्ब दिसला, की काम पुन्हा करायचं.

आमच्या कंपनीत त्यांना सगळे टोपीवाले काका म्हणत. कंपनी म्हणजे बर्डीजवळच्या एका जिन्यावरच्या तीन खोल्या, एक साहेब, आम्ही चार इंजिनिअर आणि बाहेरच्या कामांचे प्रमुख म्हणून काका. टोपी ते दिव्यांना घालत. बाजारात मिळणारा फोकस त्यांना कधीच पसंत पडला नाही. तेलाचं रिकामं पिंप कापून, ठोकून, आतून काळा रंग मारून ते दिव्याला झापड करत, म्हणजे उजेड खालीच पडेल, आजूबाजूला सांडणार नाही. नंतर तयार झापडाचे चांगले दिवे मिळू लागले, तरी यांची कात्री आणि हातोडी पिशवीत असेच. स्वतःच्या डोक्याला मात्र भर मे महिन्यातही दुपट्टाच. टोपी त्यांनी कधी घातली नाही, आणि कोणी त्यावरून चिडवलं तर म्हणत, "माह्या डोस्क्यातून कुठं उजेड सांडून राहिला?"

मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. मला संगणकावर इमारत उभी करून तिच्यावर दिवे टाकता येत आणि त्याचा मला भलता गर्व होता. वर्धा रोडवरच्या एका इमारतीसाठी मी पहिलं चित्र केलं. पायथ्यापासून वर मारलेले चोवीस दिवे, भिंती नुसत्या झळाळत आहेत, मागे जांभळं आभाळ. साहेब खूश झाले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ पाहिलं आणि बोट आभाळावर ठेवलं.

"मॅडम, इथं कोण राहते?"

"कुठे?"

"हे वरतं. एवढा उजेड धाडून राहिल्या तुम्ही, म्हणून म्हटलं कोणी असन."

मी चिडले. बिल्डिंग दिसायला नको का, सौंदर्य नावाची काही गोष्ट असते, असं बरंच बोलले. काका ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "दिसू द्या नं. दार दिसलं, पायऱ्या दिसल्या, पाटी दिसली, झालं. चालणाऱ्याचा पाय जिथं पडते तिथं लाईट. आभाळाले काहून तरास द्याचा?" आणि संध्याकाळी मला स्कूटरवर मागे बसवून ते त्या जागेच्या समोरच्या घरी घेऊन गेले.

त्या घराच्या गच्चीवर तीन बाजा होत्या. एका बाजेच्या चारी बाजूंना बांबू उभे करून जुन्या साड्या बांधलेल्या. शेजारच्या एका दुकानाचा फोकस रात्रभर गच्चीवर पडे, त्यासाठी घरच्या आजींनी केलेली ती सोय. कूलर घरात एकच, तो सुनेच्या बाळंतपणाच्या खोलीत, आणि आजींना साड्यांच्या आत वारा लागत नसे. "वारा घेऊ का अंधार घेऊ, तुम्हीच सांगा बाई," असं त्यांनी मलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चित्रातले चोवीस दिवे पुसले. सहा ठेवले, तेही खाली तोंड केलेले. साहेबांना ते चित्र आवडलं नाही, पण काकांपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

काकांना रागावलेलं मी पाहिलं नाही, पण ते माणसाला त्याच्याच जागेवर उभं करून खोटं पाडत. हिंगण्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी अडून बसले होते, की भिंतीवर मोठ्ठे फोकसच पाहिजेत, चोरांचा फार त्रास आहे. काकांनी वाद घातला नाही. संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळी एक फोकस तात्पुरता लावला, अधिकाऱ्यांना फाटकाशी उभं केलं आणि स्वतः भिंतीच्या कडेने चालत गेले. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "दिसून राहिलो काय जी?" अधिकारी डोळ्यांवर हात धरून शोधताहेत, मी शोधतेय, काकांचा पत्ता नाही. ते बरोबर फोकसच्या खाली, दहा पावलांवर उभे होते, हातात कारखान्याचीच एक खुर्ची उचलून घेऊन. "डोळे दिपले का चोर दिसत नाही साहेब. मी तं खुर्ची घेऊन चाललो," म्हणाले. तिथे मग झापडाचे, मंद, पिवळसर दिवे लागले आणि कोणी हलल्यावरच उजेड वाढवणारे दोन. काकांनी ती खुर्ची परत जागेवर नेऊन ठेवली.

पिवळसर म्हणजे पिवळसरच. पांढऱ्याफटक दिव्याला ते दवाखान्याचा दिवा म्हणत. नव्या कामावर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवालीच्या आधी जाऊन ते दिव्याखालची फरशी पाहत. मेलेल्या किड्यांचा ढीग असला तर तिथे उभे राहून चुकचुकत आणि मला म्हणत, "पाह्य, रातभर हे बिचारे गरगर फिरून मेले. यायची कोणती पार्टी होती इथं?" मग दिवा बदलायचा किंवा घड्याळ लावून अकराला बंद करायचा. सगळ्यांची झोपायची वेळ झाली की दिव्यांचीही झाली, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. तोवर मॅडमची मी पोरी झाले होते, आणि अहोजाहो गळून पडलं होतं.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक कामाचं एक पान. किती दिवे, किती उंचीवर, कोणत्या रंगाचे, किती वाजता बंद, असे रकाने आणि सगळ्यात शेवटचा रकाना, 'समोरून पाहिलं'. त्यात ज्याने पाहिलं त्याची सही. चहा मिळाला असेल तर शेजारी घरमालकाचं नावही. तो रकाना भरल्याशिवाय ते काम सोपवत नसत. पहिल्यांदा मला सही करायला सांगितली तेव्हा पेन देता देता म्हणाले, "ही सही म्हणजे तुह्ये डोळे तथी गेले होते, असं. हात नाही, डोळे." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. आज या वाक्याशी मला फार वेळ थांबवत नाही.

आता सांगायलाच हवं, की हल्ली मी याच विषयावर व्याख्यानं देते. मिहानमधल्या कंपन्या मला सल्ल्यासाठी बोलावतात. बाहेरचे दिवे जबाबदारीने कसे लावावेत, शेजाऱ्याच्या घरात, झाडांवर, आभाळात उजेड कसा जाऊ देऊ नये, हे मी पडद्यावर चित्रं दाखवून सांगते, आणि समोरच्या घरी चहा प्यायची गोष्ट सांगितली की लोक हसतात, टाळ्या वाजवतात. कोणीतरी नंतर येऊन म्हणतं, मॅडम, तुमची ही पद्धत फार छान आहे. मी थँक्यू म्हणते. काकांचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही. कारण नाव घेतलं, की कोणी तरी विचारेल ते आता कुठे आहेत, आणि मग शेषरावांच्या वावरापर्यंत यावं लागेल.

सावनेरच्या रस्त्यावर एका शिक्षणसंस्थेचं नवं आवार झालं, त्याचं काम आमच्याकडे होतं. मागच्या अंगाला वाहनतळ, तिथे कुंपणालगत आठ खांब. कुंपणापलीकडे शेषराव नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीनचं वावर. काम संपत आलं आणि काकांना मलेरिया झाला. ऑगस्ट सुरू होता. त्यांनी अंथरुणातून फोन केला, आवाज थरथरत होता. "पोरी, समोर घर नाही तथी, वावर आहे. तरी संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन उभी राह्यजो. उभं राहून खांबाकडं पाह्यजो. बल्ब दिसला तं मुंडी खाली करून घेजो." मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी गेले. दुपारीच पाऊस पडून गेला होता. कुंपणाच्या टोकाला वावरात उतरायची वाट होती आणि तिथून धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, काळ्या मातीचा नुसता राडा. माझ्या पायांत नवे पांढरे बूट होते. काय सांगू, एवढंच कारण आहे. कोणी आजारी नव्हतं, कुठे गाडी गाठायची नव्हती. बूट पांढरे होते. दिवे लागले, मी गाडीची काच खाली करून पाहिलं, वाहनतळ छान उजळला होता. खांबांवरच्या दिव्यांची तोंडं थोडी वर उचललेली आहेत असं मला वाटलंही. क्रेनवाल्यांनी घाईत तशीच कसली होती. पण पलीकडे माणूस नाही, घर नाही, खिडकी नाही. "सोयाबीनला काय झोपायचं असतं?" असं मी ड्रायव्हरला म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. गाडीतच मांडीवर वही ठेवून मी शेवटच्या रकान्यात सही केली.

घरी पोचायच्या आतच काकांचा फोन आला. "गेली होती काय वं?"

"गेले होते."

"बल्ब दिसला?"

"नाही दिसला काका."

"चिखल असन बम."

"होता थोडा," मी म्हणाले. ते "पाय धुवून घेजो गरम पाण्यानं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दसऱ्यानंतर एका सकाळी शेषराव आमच्या ऑफिसात आले. उंच, शांत गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून सोयाबीनची दोन झाडं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक वाळलेलं, पानं गळालेली, शेंगा खुळखुळणाऱ्या. दुसरं हिरवंगार, कमरेएवढं वाढलेलं, शेंगा चपट्या.

"हे माह्या वावरातलं," ते म्हणाले. "अन् हेही माह्याच वावरातलं. एकाच दिवशी पेरलं. हे तुमच्या खांबापाशी होतं."

साहेबांना काही कळेना. शेषराव आवाज न चढवता सांगत राहिले. "सोयाबीनले रात पाह्यजे साहेब. रात लांबली का त्याले समजते, आता पिकाचं. तुमचे लाईट रातभर त्याच्या अंगावर. त्याले वाटलं, दिवस अजून मोठेच आहे. ते वाढूनच राहिलं. आमच्या कृषी सहायकानं येऊन पाह्यलं, त्यायनंच सांगतलं. कुंपणापासून वीस ओळी अशाच आहे. बाकीचं मी मशीननं काढून घेतलं. आता हे कधी पिकन, अन् पिकलं तं कोण कापन? सारे मजूर कापूस वेचाले गेले. एवढ्याशा पट्ट्यासाठी कोणी येत नाही."

काका तोवर बरे होऊन कामावर आले होते. खंगले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता. साहेबांनी विचारलं, तिथे समोरून कोणी पाहिलं? काकांनी वही आणली, पान काढलं. माझी सही सगळ्यांना दिसली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता, आणि माझं तोंड त्यामुळेच उघडलं नाही.

"तू गेली तेव्हा बल्ब नव्हता नं दिसला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. शेषराव माझ्याचकडे पाहत होते. तेही समोर बसलेले असताना, त्यांच्या वाळलेल्या आणि हिरव्या झाडांसमोर मी तिसऱ्यांदा खोटं बोलले.

"मंग वाऱ्यावादळानं मुंड्या फिरल्या असतीन," काका म्हणाले. माझ्यासाठी कारणसुद्धा त्यांनीच शोधून दिलं. मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, पोरगी चिखलात उतरून गेली होती. तिनं माणसाच्या डोळ्यानं पाह्यलं. उजेड पिकाले बाधते, मागून पुन्हा जाऊन पाहा लागते, हे मले ठाऊक होतं, मी तिले सांगतलंच नाही. तापात होतो, इसरलो. तिची चूक नाही. माही आहे." आणि शेषरावांपुढे त्यांनी हात जोडले. "मजूर भेटत नाही म्हणता तं मी येतो कापाले. मी अन् माही बायको. पिकू द्या, निरोप धाडा."

मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. मी गाडीतून उतरले नव्हते, इतकंच. मला नुकतीच स्वतंत्र कामं मिळू लागली होती, साहेबांनी पगारवाढीचं बोलून ठेवलं होतं, आणि समोर एक म्हातारा माणूस माझ्या वाटचं आपणहून उचलून घेत होता. मी त्यांना उचलू दिलं. वर चेहऱ्यावर थोडं वाईट वाटल्याचा भावही आणला. हे आठवलं की आजही मला एकटीला, स्वयंपाकघरात ओट्याशी उभं असताना, कानापर्यंत ऊन चढल्यासारखं होतं.

पुढे व्हायचं ते झालं. संस्थेने कडक पत्र पाठवलं, साहेबांना कोणाला तरी बाजूला केल्याचं दाखवायचं होतंच. काकांना त्यांनी गोड बोलून सांगितलं, की तब्येत सांभाळा, आता घरी बसा. काकांनी एकच मागितलं, त्या आठ खांबांचं काम मला करू द्या. दोन दिवस ते तिथे शिडीवर होते. दिव्यांची तोंडं सरळ खाली केली, कुंपणाकडच्या बाजूला झापडं बसवली, रात्री दहानंतर दिवे बंद व्हावेत म्हणून घड्याळ लावलं. मग संध्याकाळी स्वतः धुऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि वहीत, माझ्या सहीच्या खाली, आपली सही केली. माझी खोडली नाही. नंतर ती वही, कात्री आणि हातोडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "सांभाळजो," म्हणाले. बाहेरच्या कामांची प्रमुख मी झाले.

नोव्हेंबरात मी त्याच रस्त्याने एका कामावरून परत येत होते. भर दुपार होती. आवार ओलांडताना सवयीने डावीकडे पाहिलं. सगळं वावर मोकळं, फक्त कुंपणालगत एक पिवळा पट्टा उभा. त्यात तिघं वाकलेली होती. शेषराव एका टोकाला. मधे डोक्याला दुपट्टा बांधलेले काका, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात विळा. आणि त्यांच्या मागे पेंढ्या बांधत काकू. काकांना ते काम येत नव्हतं हे लांबूनही कळत होतं. ते जन्मभर शहरात राहिलेले. दर दोन मुठींनी उभे राहून कंबर धरत होते. मलेरियातून उठलेला माणूस. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आपले काका दिसून राहिले, थांबू काय?" मी म्हणाले, उशीर होतोय, चल. आणि काच वर केली. त्या दिवशी माझ्या पायांत जुने बूट होते आणि जमीन कोरडी ठणठणीत होती.

नंतरच्या वर्षांत काका दोन-तीनदा भेटले. एकदा एका लग्नाच्या लॉनवर. तिथे ते झाडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा पाहून हळहळत उभे होते. "पाखरं कुठं गेली असतीन यायच्यातली?" मला म्हणाले. मग माझी चौकशी केली, काम कसं चाललंय विचारलं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला अभिमानाने सांगितलं, "हे आमची पोरगी. हे न पाहता सही नाही करत." मी त्यांना जेवायला ताट आणून दिलं. गर्दीतून नेऊन खुर्ची दिली. पाणी आणून दिलं. खरं तेवढं दिलं नाही. दर वेळी घरी येऊन ठरवायचे, की पुढच्या रविवारी जाऊन सांगायचं. रविवार येत आणि मला काही ना काही काम निघे. उशीर जितका वाढला तितकं सांगणं अवघड झालं. आधी एका खोट्याची माफी मागायची होती, मग त्यात गप्प राहिलेल्या सगळ्या वर्षांचीही मागायची राहिली.

या हिवाळ्यात ते गेले. फोन आला तेव्हा मी मिहानमध्ये मीटिंगला होते. अंत्यविधीला गेले नाही. पुण्यानुमोदनाच्या सभेचं पत्रक मोबाईलवर आलं, त्या सभेलाही गेले नाही, कारण तिथे माणसं दोन शब्द बोलायला उठतात आणि मला कोणीतरी उठवलं असतं. तीन आठवडे गेल्यावर एका दुपारी उत्तर नागपुरातल्या त्यांच्या घरी गेले. छोटं, पांढऱ्या चुन्याचं घर. काकू पांढऱ्या लुगड्यात, खाटेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली, अजून नवीन वाटणारा, काकांचा फोटो. मी जयभीम केला, बसले. काकूंनी पाणी दिलं.

"तुम्ही येसान असं मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव लई घेत."

मी पाण्याचा पेला उचलला.

"एक गोष्ट मातर त्यायच्या जिवाले लागून राहिली होती," काकू तांदळातला खडा काढत म्हणाल्या. "ते वावराची. अखेरपर्यंत म्हणे, पोरगी चिखलात उतरून गेली, तिनं आपलं काम केलं, अन् माह्या इसरण्यानं चारचौघांत तिची सही खोटी पडली. दवाखान्यातही तेच. मी म्हणो, जाऊ द्या नं आता, कापून आलो नं आपण. तं म्हणे, कापलं तं कापलं, पण त्या लेकराले खाली पाहा लागलं नं माह्यापायी."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. इतकी वर्षं मी समजत होते, की काकांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि ते मोकळे झाले. ते मोकळे झालेच नव्हते. जी चूक त्यांनी केली नव्हती ती त्यांना खरीच वाटत होती, आणि माझी क्षमा मागायची राहिली म्हणून त्यांना रुखरुख होती. माझी!

"काकू," मी म्हणाले, "मी उतरले नव्हते."

"कुठं?"

"वावरात. धुऱ्यावर गेलेच नव्हते. चिखल होता म्हणून गाडीतच बसून सही केली. दिवे वर तोंड करून आहेत, हे मला तिथूनच दिसलं होतं. काकांना फोनवर खोटं सांगितलं. ऑफिसातही."

काकूंचा हात सुपात थांबला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण रागाने नाही. नीट ऐकू आलं का, याची खात्री करून घेत असल्यासारख्या.

"म्हणजे त्यायचं इसरणं नव्हतंच?"

"नव्हतं."

"त्यायनं पिकाचं सांगतलं असतं तरी?"

"त्यांनी धुऱ्यावर जायला सांगितलंच होतं. गेले असते तर त्याच संध्याकाळी दुरुस्त झालं असतं. त्यांची काहीच चूक नव्हती काकू."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि फोटोच्या काचेवर तळहात ठेवला.

"अवो, आयकलं काय?" त्या म्हणाल्या. "तुमची चूक नव्हती जी. हे पोरगी सांगून राहिली. तुमची चूकच नव्हती."

मी उठले, चपला घातल्या, येते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.